लिहिणाऱ्याचे घर : गोव्यातले काही अनुभव

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला संसारातून वेळ कसा मिळतो, हे नेहमी विचारले जाते आणि त्याची उत्तरेही ठरलेली असतात. मला त्यापुढचे ऐकायचे आहे : लिहिण्यासाठी घेतलेला वेळ घरात कोणाच्या वाट्याचा होता, आणि घरातले काय काय कथेत गेले? गोव्यात राहून मराठीत लिहिणाऱ्यांनी, तसेच त्यांच्या घरच्यांनीही, मोकळेपणाने लिहावे. नावे नकोत, गाव आणि व्यवसाय पुरे.

डिचोली, शिक्षिका
दिवाळी अंकांचे संपादक जुलै-ऑगस्टमध्ये कथा मागतात आणि आमच्याकडे नेमकी तेव्हाच चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, तयारी सुरू होते. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हा गोव्यातल्या सुनांचा विचार कोणी केला नसावा. चवथीला सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी सगळे भाऊबंद जमतात. घराची साफसफाई, नेवऱ्या (करंज्या), माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छतासाठी, रानातून आणलेली कांगले आणि घागऱ्या निवडून बांधायला देणे, या गडबडीत “मला कथा पुरी करायची आहे” असे म्हणणारी सून आमच्या घराण्यात अजून यायची आहे. म्हणून मी वर्षाची मांडणीच बदलली. कच्चा खर्डा मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी घर निजलेले असताना; शाळा सुरू झाल्यावर फक्त काटछाट; आणि आषाढ संपण्यापूर्वी कथा रवाना. चवथीत मी लिहीत नाही, पण कान उघडे असतात. नेवऱ्या भरायला चार जावा एकत्र बसल्या की जे संवाद कानी पडतात, ते टेबलाशी बसून सुचत नाहीत. हे अर्थात जावांना सांगू नये.

वेर्णा, औषध कारखान्यात रसायनतज्ज्ञ
कादंबरीला रोजची तीच वेळ लागते असे माझे मत झाले आहे, कारण पाळी बदलली की पात्रांचा आवाज हरवतो. म्हणून मी कथेवरच थांबलो. बायकोची तक्रार वेळेची नाहीच. रात्रपाळीला गेलेला नवरा निदान घरात नसतो. समोर जेवायला बसून दुसऱ्याच घरात वावरणारा नवरा अधिक जाचतो, असे ती म्हणते आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पेडणे, गृहिणी
माझ्या बाबतीत वेळेपेक्षा वाचणारे अवघड आहेत. रविवारच्या पुरवणीत कथा आली की दुपारपर्यंत वाड्यावर पात्रांची ओळखपरेड होते. मालतीबाई बेडेकरांनी 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध करताना ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घेतले. आमच्या गावात मात्र टोपणनाव घेतले तरी लोक विहिरीच्या वर्णनावरून घर ओळखतील. एका कथेत मी सुनेचे दागिने गहाण टाकणारी सासू रंगवली होती. ती वाचून आमची मांय, म्हणजे माझी सासू, गप्पच होती. मग एका दुपारी पेज वाढता वाढता म्हणाली, “ती शेजारीण हांवच न्हय गो?” (मीच ना गं ती?) कथेतली शेजारीण एकच वाक्य बोलते, पण सुनेच्या बाजूने. मी “हय” म्हटले. घरच्यांबद्दल लिहूच नये, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र ज्याच्या आयुष्यातला प्रसंग जसाच्या तसा घेतला, त्याला छापण्याआधी कथा वाचून दाखवावी, एवढा शिष्टाचार हवा.

मडगाव, लेखकाची मुलगी
घरच्यांनाही बोलावले आहे म्हणून लिहिते. वडील लिहायला बसले की रेडिओ बंद, आम्ही भावंडे शेजारी, आणि आई दारातूनच पाहुण्यांना परतवायची. त्यांचा सत्कार झाला तेव्हा त्यांनी ‘पत्नीची साथ’ म्हटले आणि टाळ्या पडल्या. त्या साथीत मुलांचा अभ्यास, आजीचे आजारपण, बँकेची कामे आणि हस्तलिखिताची सुवाच्य प्रत काढणे एवढे सगळे होते, हे सभागृहात कोणाला माहीत नव्हते. पुरुष लिहितो तेव्हा घराने त्याला सांभाळायचे आणि बाई लिहिते तेव्हा तिने घर सांभाळून लिहायचे, ही वाटणी वरच्या अनुभवांतही दिसते. आईला एकदा विचारले, तू का नाही लिहिलेस? प्रत काढताना त्यांची बरीच वाक्ये मीच नीट केली आहेत, असे ती सहज म्हणाली.

चोडण, सरकारी कर्मचारी
मुलगी लहान आहे आणि बायकोही नोकरी करते, त्यामुळे रायबंदरच्या फेरीबोटीच्या रांगेत फोनवर काढलेली टिपणे आणि शनिवारी पणजीत पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय, यांवरच माझे लेखन चालते. तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. मुलगी चित्रांच्या पुस्तकांत रमते तोवर मी शेजारी बसून लिहितो आणि तिला भूक लागली की वाक्य जिथे असेल तिथे सोडून उठतो. हे अर्धे वाक्य फायद्याचे ठरते, कारण पुढच्या खेपेला सुरुवात शोधावी लागत नाही. डिचोलीच्या बाईंना एक विचारायचे आहे : संपादकांनी ऐन चवथीत कथेचा शेवट बदलायला सांगितला, तर आपण काय करता?

डिचोली, शिक्षिका
गणपती पोचवून आल्यावर बघते, असे कळवते. तोवर बहुतेक वेळा त्यांनाच पहिला शेवट बरा वाटू लागलेला असतो.