धंद्याचं खातं हातातून गेलं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

मोहोर आत्ताच फुटायला लागलाय, म्हणून हा धागा आता काढते. मार्चनंतर कुणालाच लिहायला सवड नसते, आणि नेमकं तेव्हाच हे घडतं. धंद्याचं ऑनलाइन खातं दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, किंवा आपलंच असून आपल्याला उघडेना, असं ज्यांच्या बाबतीत झालं असेल त्यांनी लिहावं. कसं गेलं, परत कसं मिळवलं, मिळालंच नसेल तर तेही. माझ्यापासून सुरुवात करते.

देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा आणि दलालाची पट्टी येईल तो भाव घ्यायचा. २०१९ पासून मी व्हॉट्सॲप बिझनेसवर थेट गिऱ्हाईक जोडत गेले. चार हंगामांत साडेतीनशे घरं झाली.

एप्रिल २०२३. आढी लावलेली, पडवीत पेट्या भरणं चाललेलं. दुपारी फोन आला, “मॅडम, तुमचं पार्सल अडकलंय, डिलिव्हरीवाल्याशी जोडून देतो, हा नंबर डायल करा.” *४०१* आणि पुढे दहा आकडे. हंगामात दिवसाला पाच-सहा कुरियरवाल्यांशी बोलणं होतं, मी डायल केला. त्यासरशी मला येणारे सगळे कॉल त्याच्याकडे वळले. मग त्याने माझ्या नंबरावर खातं उघडताना कोड मेसेजऐवजी कॉलवर मागवला. तो कॉल माझ्यापर्यंत आलाच नाही.

अर्ध्या तासात ह्यांच्या फोनवर मालवणच्या मावशीचा फोन. “अगो, तुका पैसे कित्याक होये झाले? बागेत काय झाला काय?” तेव्हा कळलं. माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट, सगळ्यांना आगाऊ पैसे मागणं चालू होतं. चौघांनी भरले. त्यात नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, ८,००० रुपये. त्या चौघांनाही मी पेट्या पाठवल्या. पैसे माझ्याकडे आले नव्हते, पण त्यांनी ते माझ्या नावाकडे बघून दिले होते.

बाजारातल्या मोबाइल दुकानातल्या मुलाने ##००२# डायल करून वळवलेले कॉल बंद केले. मेसेजने कोड मागवून मी खातं परत नोंदवलं आणि तो बाहेर पडला. पण तोवर त्याने दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून स्वतःचा पिन लावून ठेवला होता. तो पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. एप्रिलअखेरचे सात दिवस म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगायला नको. आढीतलं फळ कुणासाठी थांबत नाही.

त्या आठवड्यात वाचवलं ते सासूबाईंच्या वहीने. प्रत्येक पेटीचा पत्ता आणि फोन त्या आधी वहीत उतरवायच्या. मी त्यावरून त्यांच्याशी वाद घालायचे, दोनदा लिहायचं कशाला म्हणून. ती वही पुढ्यात घेऊन मी आणि माझी मुलगी तीन दिवस फोन करत होतो.

दापोली तालुका

ताई, तुमचा चोर परका तरी होता. आमचा आमच्या माजघरात जेवून गेलेला.

आंजर्ल्याजवळ आमची घरगुती राहण्या-जेवण्याची सोय आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या, वीज यायला कित्येक दिवस गेले. त्या पडत्या काळात ओळखीतल्या एका मुलाने वेबसाइट आणि गुगलवरची नोंद करून दिली. पाहुणे परत यायला लागले. आम्ही इतके उपकृत होतो की नोंद कुणाच्या मेलवर आहे, हे विचारायचं सुचलंच नाही.

२०२२ मध्ये वर्षाच्या पैशांवरून बिनसलं. पुढच्या आठवड्यात नोंदीवर आमच्या नावाखाली दुसराच नंबर. फोटो आमच्या अंगणाचे, फोन भलतीकडे. दिवाळीच्या सुट्टीत सहा खोल्यांपैकी चार रिकाम्या. एक कुटुंब तर आमच्या दारावरून पुढे गेलं, कारण फोनवरच्या माणसाने त्यांना सांगितलं की इथलं बंद झालं.

चौकशी केल्यावर समजलं की त्या नोंदीत मालक वेगळा आणि व्यवस्थापक वेगळा असतो. आम्ही कुणीच नव्हतो. मालकीची मागणी केली. उत्तर द्यायला जुन्या मालकाला तीन दिवस असतात, त्याने नकार दिला. मग जागेचा व्हिडिओ मागितला गेला. रस्ता दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, कुलूप आपण उघडताना दिसलं पाहिजे. पाटी वादळात गेली होती आणि आम्ही ती परत लावलीच नव्हती. पहिला व्हिडिओ नाकारला.

कागदांचं तर विचारू नका. घर सामायिक, सातबाऱ्यावर नावांची रांग, वीजबिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर. कोकणात किती घरांची हीच गत असेल! शेवटी निवास-न्याहारी योजनेचं प्रमाणपत्र माझ्या नावावर होतं, ते कामी आलं. नवी पाटी रंगवून घेतली आणि पुन्हा व्हिडिओ पाठवला. चार महिने गेले. नोंद मिळाली, पण मधल्या काळात कुणीतरी एक तारा देऊन लिहिलेलं “फोन उचलत नाहीत” अजून तिथेच आहे. ते वाचलं की पोटात तुटतं.

मालवण

आमचं इन्स्टाग्राम गेलं ते गेलंच. बोट आणि स्कूबाचं पेज, १९ हजार फॉलोअर. “तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत पेज बंद होईल,” असा मेसेज, खाली लिंक. भाच्याने घाबरून पासवर्ड टाकला. परत मिळवताना चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवायचा पर्याय असतो, पण तो ज्या खात्यावर तुमचे फोटो आहेत त्यांच्यासाठी. आमच्या पेजवर नुसते मासे, प्रवाळ आणि पाहुणे. दहा वर्षं मी रोज त्या पाण्यात उतरतोय, आणि माझा एक फोटो नाही. पावसाळ्यात सगळं बंद होतं तेव्हा नवं पेज काढलं. आता दर आठवड्याला स्वतःचा एक फोटो टाकतो.

रत्नागिरी, महिला बचत गट

आमचं कुणी चोरलं नाही, तरी अडकलंय. गटाचं कोकमाचं आगळ, आमसुलं, फणसपोळी विकायचं खातं माझ्या मुलाने उघडून दिलं, मेल आणि मोबाइल नंबर त्याचाच. तो जहाजावर असतो, नऊ महिन्यांचा करार. इकडचं सिम कुणी रिचार्ज केलं नाही, नंबर बंद झाला. आता पासवर्ड चालत नाही आणि ओटीपी बंद नंबरावर जातो. ऑर्डरी येत असतील, आम्हाला दिसतही नाहीत. चौदा बायका रोज विचारतात. काय करावं?

लांजा

मावशी, मी इथे महा ई-सेवा केंद्र चालवतो. आधी मुलाला निरोप द्या. त्याच्या फोनवर मेल अजून उघडा असेल. जहाज बंदराला लागून इंटरनेट मिळालं की त्याने मेलवरून पासवर्ड बदलायचा आणि लगेच गटाचा नंबर जोडायचा. उशीर करू नका. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला मिळू शकतो, मग ओटीपी त्याच्याकडे जातील.

देवगडच्या ताईंसारखं कुणाचं झालं तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. पैसे पुढे काढून घेण्याआधी कळवलं तर बँकेत ते गोठवता येतात, म्हणून तिथे मिनिटं मोजायची. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कराच. “पैसे गेले नाहीत ना, मग कशाला,” असं ऐकून परत आलेले लोक माझ्याकडे येतात आणि मला फार वाईट वाटतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणं ६६ सी खाली आणि संगणकावरून तोतयेगिरी करून फसवणं ६६ डी खाली गुन्हा आहे, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार अर्जात ही कलमं लिहून न्या.

कंपनी उत्तर देत नसेल तर २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २४ तासांत पोच आणि ठरावीक मुदतीत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. मालवणच्या दादांनी हे केलं होतं का?

आणि *४०१*चं : असे आकडे डायल करून कॉल वळवण्याची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून बंद करायला लावली. ताईंच्या वेळी ती चालू होती.

मालवण

नाही केलं. असं काही आहे हेच माहीत नव्हतं. लिहितो.

रत्नागिरी, महिला बचत गट

परवा रात्री दोन वाजता मुलाचा फोन आला, जहाज सिंगापूरला लागलं. मेल त्याच्या फोनवर उघडाच होता. त्याने पासवर्ड बदलला आणि मी इकडे दिवा लावून बसून ओटीपी वाचून दाखवला. आता खात्याला गटाचा नंबर आहे, ते सिम अध्यक्षांच्या घरी असतं आणि रिचार्जची तारीख हजेरीच्या वहीत लिहिली आहे. सतरा ऑर्डरी दिसल्या, अकरा आपोआप रद्द झालेल्या. सहा उरल्यात, बाटल्या भरून झाल्या, उद्या सकाळच्या गाडीने निघतील.