रि: रि: ६ नोव्हेंबरचं औक्षण – निरांजन की बॅटरी?

प्रेषक: अनघा (सचिव)
सोमवार, १८ ऑक्टोबर २०२१, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

शाळेतून आज फोन आला होता. ६ नोव्हेंबरच्या आपल्या सत्काराच्या कार्यक्रमासाठी हॉलचा अर्ज शुक्रवारपर्यंत हवाय आणि त्यात एक रकाना आहे: कार्यक्रमात उघडी ज्योत असणार का, हो की नाही. मी 'नाही' लिहून टाकणार होते, तेवढ्यात नीलिमाताईंची यादी समोर आली. त्यात ११ तबकं आणि ११ निरांजनं आहेत. बॅटरीचे दिवे चालतील ना? ज्यांचा सत्कार आहे त्यांतले फायर कंपनीचे (अग्निशमन दलाचे) सात आणि रेस्क्यू स्क्वॉडचे (बचाव पथकाचे) चार नक्की येतायत. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, एका शब्दात चालेल.

अनघा

———

प्रेषक: नीलिमा
सोमवार, १८ ऑक्टोबर, रात्री ११:१५

एका शब्दात: नाही.

बॅटरीनं औक्षण होत नाही. कार्यक्रम नेमका भाऊबीजेला आला म्हणून तर ही कल्पना निघाली. शाल-श्रीफळ नको हे मीच म्हटलं होतं. २०१८ साली चीफना नारळ दिला आणि बिचारे तो मांडीवर घेऊन बसले, कुठे ठेवायचा कुणी सांगेचना. औक्षणात निदान हातात काही धरायला लागत नाही. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तबकं सजावट समितीकडे आहेत, त्यात काय ठेवायचं ते सजावट समिती ठरवेल.

———

प्रेषक: श्रीधर (खजिनदार)
मंगळवार, १९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

तबकात काय ठेवायचं ते सजावट समितीनं खुशाल ठरवावं, अर्जावर सही माझी आहे. न्यू जर्सी राज्याच्या फायर कोडप्रमाणे सार्वजनिक कार्यक्रमात करमणुकीसाठी उघडी ज्योत वापरायची असेल तर टाइप १ परमिट लागतं. ते देणार कोण? टाउनशिपचा फायर मार्शल, म्हणजे गावात आगीचे नियम पाहणारा अधिकारी. तो त्या अकरांतला एक आहे. ज्याचा सत्कार करायचा त्याच्याच टेबलावर अर्ज टाकायचा, आणि तो नाही म्हणाला तर शनिवारी त्यालाच ओवाळायचं. मला हे बरं दिसत नाही.

जाता जाता: देणगीचे चेक दोन लागतील. फायर कंपनी वेगळी, रेस्क्यू स्क्वॉड वेगळा. मागे एकच चेक दिला होता तेव्हा कोण नाराज झालं ते इथं लिहीत नाही.

———

प्रेषक: मकरंद
मंगळवार, १९ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

'करमणुकीसाठी' असं असेल तर प्रश्नच मिटला. औक्षण ही करमणूक आहे का? त्यानंतरचं आपलं नाटकसुद्धा करमणूक आहे की नाही यावर दोन मतं आहेत.

एक शंका, रागावू नका. या लोकांना टाउनशिप पगार देते ना? मग चेक कशाला?

———

प्रेषक: श्रीधर (खजिनदार)
मंगळवार, १९ ऑक्टोबर, सकाळी ८:३१

बारा वर्षं इथं राहून हा प्रश्न? मार्शलचं परमिटचं काम पगारी आहे, मान्य. पण आपल्याकडची फायर कंपनी स्वयंसेवकांची आहे आणि स्क्वॉडही. या राज्यात बहुतेक गावांत तसंच आहे. बेंजामिन फ्रँकलिननं फिलाडेल्फियात १७३६ साली शेजाऱ्यांना जमवून बादल्यांची कंपनी काढली, तीच पद्धत अजून चालू आहे. आपला असिस्टंट चीफ दिवसा प्लंबिंग करतो. तुझ्या बेसमेंटचा पंप त्यानंच बसवला होता.

———

प्रेषक: मकरंद
मंगळवार, १९ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

तो?? त्यानं २५ डॉलर कमी घेतले होते. शंका मागे घेतो.

———

प्रेषक: भालचंद्र
मंगळवार, १९ ऑक्टोबर, दुपारी १:०५

मुलांनो, २०१७ चा गणपती विसरलात वाटतं. धुपाटण्याच्या धुरानं शाळेचा अलार्म वाजला आणि 'घालीन लोटांगण' अर्ध्यावर टाकून आपण साडेतीनशे माणसं पावसात पार्किंगमध्ये उभी होतो. बंब आला. त्या पोरानं विचारलं, आत कुणी राहिलंय का? आपल्यापैकी कुणीतरी म्हणालं, गणपती. त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, वय काय?

तेव्हा ज्योतीच्या बाबतीत मी श्रीधरच्या बाजूचा आहे. माझं बालपण गिरगावात गेलं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकाईन' बोटीचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. वडील सांगायचे, घराच्या काचा हादरल्या आणि त्यांना वाटलं जपानी आले. त्या बोटीवर सोन्याच्या विटा होत्या, त्या लांबवर उडाल्या. लोकांना विटा लक्षात राहिल्या, ६६ माणसं राहिली नाहीत. आणि २०१५ साली काळबादेवीला गोकुळ निवासच्या आगीत नेसरीकर, अमीन, राणे, देसाई असे चार अधिकारी गेले. सुनील नेसरीकर तर मुंबईचे चीफ फायर ऑफिसर. एवढा मोठा साहेब स्वतः पुढे होता. यांच्यासमोर आपण आगीशी खेळायचं म्हणजे काय?

———

प्रेषक: नीलिमा
मंगळवार, १९ ऑक्टोबर, दुपारी १:२२

काका, तो धूप होता. निरांजनात एक फुलवात असते. आणि 'वय काय' हे झालेलंच नाही, मी तिथंच उभी होते.

———

प्रेषक: भालचंद्र
मंगळवार, १९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

तू प्रसादाच्या पातेल्यावर छत्री धरून उभी होतीस.

———

प्रेषक: रूपाली
मंगळवार, १९ ऑक्टोबर, रात्री ९:५५

मी इथं सहसा लिहीत नाही. पण औक्षणाची मागणी मूळची माझ्या सासूबाईंची आहे, नीलिमाताईंची नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर मॅनव्हिलला, लॉस्ट व्हॅली नावाच्या वस्तीत. रॅरिटन आणि मिलस्टोन या दोन नद्या तिथं मिळतात. घर घेतलं तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, संगमावर कोण घर घेतं?" त्या सांगलीच्या. हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात, तिथल्या पुराचं त्यांना पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्या चार दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर होत्या.

आयडा वादळाचा पाऊस १ सप्टेंबरला रात्री झाला. पहाटे पाणी तळघराच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं, सातला स्वयंपाकघरात. वीज आम्ही बंद केली होती. पलीकडच्या गल्लीत कुठंतरी घर पेटलेलं दिसत होतं आणि चहूकडं पाणी, बंब जाणार कुठून. आपल्या टाउनशिपचा स्क्वॉड म्युच्युअल एडवर, म्हणजे शेजारच्या गावाच्या मदतीला, आमच्या गावात आला होता. रबरी बोट दाराशी लागली. मी मुलाला दिलं, नवरा चढला, आणि सासूबाई म्हणाल्या, मी येणार नाही.

मला कळेचना. त्या नुसतं "ब्रह्मनाळ" म्हणत होत्या. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली. माणसं जास्त, जाकिटं नाहीत. सासूबाईंच्या मैत्रिणीचं माहेर त्या गावचं. मी त्या बोटीवरच्या मुलाला कसंबसं सांगितलं. पाणी चढत होतं, तो मला ओरडला असता तरी चाललं असतं. त्यानं आधी एक जाकीट सासूबाईंना दिलं, बकल स्वतः लावलं, मग बोटीतली माणसं बोटांवर मोजून दाखवली. पाच. मग बोटीवरचा छापील आकडा दाखवला. आठ. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आकडा वाचता येतो. चढल्या.

तो मुलगा त्या अकरांत आहे, मी स्क्वॉडला फोन करून खात्री केली. सासूबाई ९ तारखेला सांगलीला परत चालल्या आहेत. बॅटरीच्या दिव्याबद्दल मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "खेळण्यानं ओवाळायला तो काय बाहुलाय?"

काय ठरेल ते ठरवा. त्यांना एकच निरांजन हवंय.

———

प्रेषक: अनघा (सचिव)
मंगळवार, १९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

रूपाली, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी उद्या मार्शलशी स्वतः बोलते.

———

प्रेषक: मकरंद
बुधवार, २० ऑक्टोबर, सकाळी ७:४५

कुंकवाचं काय? सगळ्यांना चालेल का? शिवाय मास्क, युनिफॉर्मची टोपी. टोपी काढायला लावायची का?

———

प्रेषक: नीलिमा
बुधवार, २० ऑक्टोबर, सकाळी ८:०२

विचारायचं. नको म्हणाले तर अक्षता पुरेत. टोपीवरून ओवाळता येतं, माझा भाऊ पोलिसात आहे.

———

प्रेषक: श्रीधर (खजिनदार)
बुधवार, २० ऑक्टोबर, दुपारी १२:१०

ओवाळणीचं कुणी बोलत नाहीये. भाऊबीजेला ओवाळून घेणारा तबकात काहीतरी टाकतो. ते गृहस्थ पाकीट काढू लागले तर? मागे एकानं आरतीच्या ताटात २० डॉलर टाकले आणि ते कुठल्या खात्यात दाखवायचे यावर माझा अख्खा मार्च गेला.

———

प्रेषक: अनघा (सचिव)
बुधवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२५

मार्शलशी बोलले. पंधरा मिनिटं लागतील वाटलं होतं, पाऊण तास लागला, कारण त्यांना औक्षण म्हणजे काय ते पूर्ण समजून घ्यायचं होतं. तबक किती मोठं, तूप की तेल, बायकांच्या साड्यांचा पदर कुठं असतो. पदराचं विचारल्यावर मला पटलं की माणूस कामाचा आहे.

हॉलमध्ये ज्योत नाही म्हणाले. परमिट काढता येईल, पण शाळेचा स्वतःचा नियम आणखी कडक आहे आणि त्यात ते पडणार नाहीत. मग त्यांनीच सुचवलं: मुलांना बघायला बंब आणायचा असं आपलं ठरलंच आहे, तर औक्षण बाहेर पार्किंगमध्ये बंबाशेजारी करा. शेजारी बादली आणि एक्स्टिंग्विशर तेच ठेवतील. याचा आणखी एक फायदा, जो मला सुचला नव्हता: पेजर वाजला तर ते तिथूनच निघू शकतात. २०१८ मध्ये नाटक ५० मिनिटं उशिरा सुरू झालं, यांच्यातल्या दोघांची नावं पुकारायच्या आधी पेजर वाजला आणि सन्मानचिन्हं आजही श्रीधरच्या गॅरेजमध्ये आहेत. (श्रीधर, ती दोन शोधून ठेव. ते दोघं अजून कंपनीत आहेत.)

तर: शनिवार ६ तारीख, दुपारी ४:३० ला पार्किंग, ५:१५ ला सगळे आत. ४:३० म्हणजे ४:३०. हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे जातायत ती त्या रात्री, कार्यक्रमानंतर, त्यामुळे साडेचारला उजेड असेल. शाळेच्या अर्जात 'नाही' लिहिते. ओवाळणी नको असं त्यांना आधीच सांगितलंय. ते म्हणाले, मुलांना बंबाचा भोंगा वाजवू देऊ, ती ओवाळणी.

———

प्रेषक: भालचंद्र
बुधवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

उत्तम. पण नोव्हेंबरात त्या पार्किंगमध्ये वारा कसा असतो ते २०१६ च्या पतंगवाल्यांना विचारा. ११ निरांजनं एकाच वेळी विझली तर अपशकुन म्हणून पुन्हा ४० ईमेल येतील.

———

प्रेषक: नीलिमा
बुधवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०४

काका, याचा विचार सजावट समितीनं केलाय. कंदिलाच्या जुन्या काचा माझ्याकडे चार आहेत, निरांजनावर नीट बसतात, मी आत्ता लावून पाहिल्या. चारच आहेत. म्हणजे चार निरांजनं, तीन-तीन जणांना आळीपाळीनं ओवाळायचं. रूपालीच्या सासूबाईंना मात्र वेगळी काच, आणि पहिला मान त्यांचा.

———

प्रेषक: मकरंद
बुधवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:११

चार काचा, एक सासूबाईंची. उरल्या तीन. मग आळीपाळी चार-चारांची होते. नाहीतर माझ्याकडे एक काच आहे, थोडी तडकलेली.

———

प्रेषक: नीलिमा
बुधवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१३

तडकलेली नको. आणि ती माझीच आहे, २०१९ च्या दिवाळी पहाटेला नेली होतीस. शनिवारी घेऊन ये.