ब्रेक्झिट : काठावरच्या बहुमतावर एवढा मोठा निर्णय घ्यावा का?

वाचनवेडा (प्रश्न)

आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात ब्रेक्झिटवर वादसभा आहे आणि ‘सार्वमताचा कौल तसाच अंमलात आणणे चूक होते’ ही बाजू माझ्या वाट्याला आली आहे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या सार्वमतात युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या, म्हणजे ब्रेक्झिटच्या, बाजूने ५१.९ टक्के आणि राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के मते पडली. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी, आणि उत्तर आयर्लंडनेही बहुमताने, राहण्याचाच कौल दिला होता. आपल्याकडे घटनादुरुस्तीला मतदान करणाऱ्या सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागतात; मग चार दशकांचा संबंध तोडायला तेवढी अट का नसावी, असा माझा मुख्य मुद्दा आहे. तो टिकेल का, हे जाणकारांनी सांगावे.

तळटीप (उत्तर)

हा मुद्दा पहिल्याच फेरीत पडेल. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात, म्हणजे महासंघाच्या पूर्वरूपात, गेला तो केवळ संसदेच्या मंजुरीने, आणि १९७५ च्या सार्वमतात ‘राहावे’ हा कौल सुमारे ६७ टक्क्यांनी मिळाला, तेव्हाही साध्या बहुमताचीच अट होती. मास्ट्रिख्ट आणि लिस्बन या करारांनी त्या समुदायाचे रूप पार बदलले, तरी ब्रिटिश मतदाराला त्याबद्दल सार्वमतातून कोणी विचारले नाही. आत शिरताना साधा दरवाजा आणि बाहेर पडताना दोन तृतीयांशांचे कुलूप, असे प्रतिपक्ष म्हणेल आणि टाळ्या घेईल.

खरी उणीव आकड्यात नसून प्रश्नात होती. आपल्या गृहनिर्माण संस्थांचेच उदाहरण घ्या. पुनर्विकासाला पूर्वी ७५ टक्के सभासदांची संमती लागे, २०१९ पासून ५१ टक्के पुरते. पण सभेपुढे विकासकाचा देकार असतो, त्यात किती चौरस फूट मिळणार, किती महिन्यांचे भाडे मिळणार हे लिहिलेले असते. ‘इमारत पाडायची की नाही’ एवढेच विचारून कोणी हातोडा चालवत नाही. ब्रिटनमध्ये नेमके तेच घडले. मतपत्रिकेवर ‘राहावे’ आणि ‘बाहेर पडावे’ एवढेच होते. बाहेर पडून नॉर्वेसारखे सामायिक बाजारपेठेत राहायचे, तुर्कस्तानसारखे सीमाशुल्क संघात (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर सर्वांची एकच जकात) राहायचे की कॅनडासारखा केवळ व्यापार करार करायचा, यावर एक अक्षरही नव्हते. त्यामुळे बाहेर पडण्याच्या बाजूची सगळी मते एका पेटीत पडली, तरी ती एकाच गोष्टीची मागणी नव्हती.

त्याचा हिशेब संसदेत चुकता झाला. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, आणि तो पाडणाऱ्यांत महासंघात राहू इच्छिणाऱ्यांबरोबर त्यांच्याच हुजूर पक्षातले कडवे ब्रेक्झिटवादीही होते. पुढे २७ मार्चला सभागृहापुढे आठ पर्याय ठेवण्यात आले आणि आठांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. न्यूझीलंडने निवडणूक पद्धत बदलताना १९९२ मध्ये ‘बदल हवा का आणि हवा तर कोणता’ हे विचारले, आणि १९९३ मध्ये निवडलेला पर्याय जुन्या पद्धतीसमोर ठेवून पुन्हा कौल घेतला. आपण हे उदाहरण वापरा. दोन तृतीयांश सोडून द्या.

वेम्बलीकर

मी लंडनमधल्या वेम्बलीत किराणा दुकान चालवतो आणि २०१६ मध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, तेव्हा दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. ब्रिटन महासंघाला ‘आठवड्याला ३५ कोटी पौंड’ देतो, हे ब्रेक्झिटच्या प्रचाराच्या बसवर रंगवलेले मलाही पटले नव्हते, कारण ब्रिटनला मिळणारी सूट त्यात वजाच केलेली नव्हती. माझे कारण त्याहून साधे होते. १ मे २०१४ पासून महासंघाने भारतीय आंब्यावर फळमाशीच्या कारणाने बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी अक्षय्य तृतीया होती. गिऱ्हाइकांनी महिनाभर आधी सांगून ठेवलेल्या हापूसच्या पेट्यांऐवजी मी त्यांच्या हातात रसाचे डबे ठेवले आणि प्रत्येकाला तेच तेच समजावत बसलो. आम्ही निवडून दिलेल्या खासदारांना नाराजी व्यक्त करण्यापलीकडे काही करता आले नाही, कारण निर्णय २८ देशांसाठी ब्रसेल्समध्ये, महासंघाच्या मुख्यालयात, झाला होता. ज्याला मत देतो त्याला जाब विचारता यावा, एवढीच माझी अपेक्षा होती आणि आजही ती मला चुकीची वाटत नाही.

तळटीप

आपली तक्रार खरी आहे, परंतु उदाहरण घसरते. त्या बंदीचे समर्थन ब्रिटनच्या पर्यावरण व कृषी खात्यानेही केले होते, कारण तिथल्या काचगृहांतील टोमॅटो-काकडीला त्या किडीचा धोका वाटत होता. म्हणजे अधिकार लंडनकडे असता तरी आपल्या पेट्या अडकण्याचीच शक्यता अधिक होती. शिवाय भारतातील तपासणी सुधारल्यावर २०१५ च्या आरंभी ती बंदी उठवण्याचा निर्णयही त्याच ब्रसेल्सने घेतला. याउलट ब्रिटनने बाहेर पडल्यावर महासंघातून येणाऱ्या अन्नपदार्थांची स्वतःच्या सीमेवरची तपासणी वारंवार पुढे ढकलली. ती टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला २०२४ उजाडले.

बार्देसकर

बहुमत कोणाचे मोजले, हा प्रश्न अजून कोणी काढलेला नाही. मी गोव्याचा. १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. माझ्या आजोबांच्या जन्मनोंदीवरून मी ते घेतले, भारताचे सोडले आणि महासंघाचा नागरिक म्हणून इंग्लंडमधल्या स्विंडनला आलो. इथे आमच्या गोंयकारांची मोठी वस्ती आहे. सार्वमतात मला मत नव्हते. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून महासंघातील इतर देशांच्या नागरिकांना ते नव्हतेच. मात्र माझ्या शेजारी राहणाऱ्या, भारतीय पासपोर्टवर आलेल्या सोलापूरच्या गृहस्थांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मत होते! माझा मुक्काम राहणार की जाणार हे ठरवायला ते मतदान केंद्रावर गेले आणि मी त्यांच्या मुलाला शाळेत सोडले. पुढे ३० जून २०२१ च्या मुदतीपूर्वी अर्ज करून मी वास्तव्याचा हक्क मिळवला, पण माझ्या धाकट्या भावाला तो मार्ग उरला नाही.

स्विंडननेही बाहेर पडण्याचाच कौल दिला होता, हे सांगायला हवे. सोलापूरकरांनी कोणाला मत दिले ते मी विचारले नाही.

वाचनवेडा

सर्वांचा ऋणी आहे. दोन तृतीयांशांचा मुद्दा मागे घेतो. आता प्रतिपक्षाला एकच विचारीन : २७ मार्च २०१९ च्या आठ पर्यायांपैकी जनतेने २०१६ मध्ये नेमका कोणता मागितला होता?

वेम्बलीकर

विचारा, पण उत्तराचीही तयारी ठेवा. राहण्याचा कौल मिळाला असता, तर पुढच्या वीस वर्षांत महासंघ जे काही होईल त्या सगळ्यात राहायचे का, हे तरी मतपत्रिकेवर कुठे लिहिले होते? तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये महासंघाकडून मिळवलेल्या सवलतींचा कागद तेवढा हाताशी होता, आणि तो माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी कोणी वाचला असेल असे मला तरी वाटत नाही.