मदत हवी आहे: इंदूरचा सराफा, चौघी मैत्रिणी आणि सूर्यास्ताची अडचण

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघी मैत्रिणी इंदूरला चाललो आहोत. पुण्याहून रेल्वेने जाऊ, दोन रात्री मुक्काम आहे. सराफ्यात फिरायचं आणि पोटभर खायचं, एवढंच ठरवलंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सराफा म्हणजे राजवाड्याजवळची सोन्या-चांदीच्या पेढ्यांची गल्ली. रात्री आठ-साडेआठनंतर पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच पुढ्यात कढया, तवे, पराती मांडल्या जातात. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. आणि सगळं शाकाहारी.

आता अडचण. आमच्यातली एकजण सांगलीकडची, जैन. सूर्यास्तानंतर ती काही खात नाही, फक्त पाणी पिते. कांदा, लसूण, बटाटा, कोणताही कंद, ओलं आलंसुद्धा चालत नाही. हॉस्टेलला असल्यापासून आम्ही हे बघतोय. मेसची संध्याकाळची ताटं साडेसातला लागायची, म्हणून आमच्यापैकी कुणीतरी पाचला जाऊन तिच्यासाठी दोन पोळ्या आणि भाजी मागून आणायची. त्यात आम्हाला कधी काही विशेष वाटलं नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघी एकदा सराफ्यात जाऊन आलोय. साडेनऊला पोचलो. मी भुट्ट्याचा कीस घेतला. द्रोणातून वाफ येत होती, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, खाली तुपात परतलेला मका. पहिला घास घेऊन मान वर केली तर ही समोर उभी, तिघींच्या पर्सेस खांद्याला, माझा स्वेटर हातावर. म्हणाली, "वास इतका छान येतोय ना! तुम्ही खा गं, मी बघते." रात्री बारापर्यंत ती तशीच उभी होती. तक्रारीचा एक शब्द नाही. परतीच्या गाडीत मात्र तिने मला दोनदा विचारलं, कीस गोड लागतो की तिखट?

ते मला अजून विसरता आलेलं नाही. घरी येऊन मी तिच्यासाठी कीस करून पाहिला. पहिल्यांदा दाणे मिक्सरमधून काढले, तर त्याचं पिठलं झालं. मग कणसं किसणीवर किसली. मक्याचं दूध पार चष्म्यावर उडालं, पण पोत जमला. तुपात मोहरी, जिरं, हिरवी मिरची, मग कीस, आणि शेवटी दूध घालून कडा सुटेपर्यंत परतायचं. तिला आवडला. तरी त्या गल्लीतल्या मोठ्या कढईतली चव माझ्या हाताला आली नाही, हे मला कळतं.

म्हणून यंदा आधी तिचं खाणं ठरवायचं आणि मग आमचं. तिचं व्रत मोडायचा प्रश्नच नाही, तेव्हा "प्रवासात चालतं" असं कृपया कुणी सुचवू नका. मला विचारायचंय ते असं:

डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी चांगला कीस कुठे मिळेल? छप्पन दुकान, म्हणजे खाण्याच्या दुकानांची ती रांग, दिवसा चालू असते असं ऐकलंय, पण तिथे तिच्या पथ्याचं काय काय आहे? आणि रात्री आम्ही तिघी सराफ्यात असताना तिला नुसतं उभं राहावं लागू नये, यासाठी काही सुचतं का? आणखी एक, चौथीला मधुमेह आहे. तिच्यापुढे मालपुवा आणि रबडी येणार, म्हणून तिच्यासाठी तिखटाचे पदार्थही सांगा.

प्रतिसाद

ताई, आम्ही इंदूरचेच मराठी, होळकरांच्या काळापासून इथे आहोत. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं.

छप्पन दुकान न्यू पलासियात आहे. राजवाड्यापासून तीन-चार किलोमीटर, रिक्षा सहज मिळते. तुमच्या मैत्रिणीसाठी तीच जागा योग्य. कीस तिथे दिवसा मिळतो आणि आता तो बाराही महिने होतो. फक्त "अदरक डाला है क्या?" हे आधी विचारा, कारण पुष्कळजण मिरचीबरोबर आलंही वाटून घालतात. दुपारी चारला गेलात तर निवांत बसून खाता येईल. तिथलं खोपरा पॅटिस प्रसिद्ध आहे, पण त्याचं आवरण बटाट्याचं असतं, म्हणजे त्यांना चालणार नाही. आणि छप्पनमधली सगळीच दुकानं शाकाहारी नाहीत, तेव्हा बसण्याआधी पाटी वाचा.

खरं म्हणजे त्यांचा दिवस सकाळीच सुरू करा. इथले पोहे फोडणीत परतत ठेवत नाहीत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांचं पातेलं ठेवलेलं असतं, त्यामुळे शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत ते मऊ राहतात. त्यात बडीशेप असते, वर शेव आणि जिरावन, म्हणजे इथला कोरडा चटपटीत मसाला. कांदा बहुतेक ठिकाणी वरून घालतात, नको म्हटलं की झालं. जिरावनात सुंठ, हळद असते. सुकलेली चालते का ते त्यांनाच विचारा, आणि हिंग चालत नसेल तर तेही बघा.

प्रतिसाद

डिसेंबरात जाताय तर गराडू चुकवू नका. हा कंद फक्त थंडीत येतो. फोडी तळून, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कुरकुरीत तळतात, वर लिंबू आणि जिरावन. तुमच्या जैन मैत्रिणीला चालणार नाही, मधुमेहवाल्या ताईंनीही चार फोडींवर थांबावं. त्यांच्यासाठी दहीवडा बरा, पण गोड चटणी नको म्हणून सांगा. सराफ्यातला दहीवडेवाला द्रोण हवेत उडवून झेलतो आणि चिमटीत सगळे मसाले एकदम धरून एकेक करून सोडतो. बघण्यासारखं आहे, आणि बघायला सूर्यास्ताची अट नाही.

जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलबी, एकटीने घेऊ नका, एकच नग पाव किलोच्या आसपास भरतो. आणि शिकंजी मागवलीत तर लिंबूपाणी येईल असं समजू नका. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट, सुक्या मेव्याची असते. शनिवार-रविवार शक्यतो टाळा.

प्रतिसाद

कुणी काच मंदिर सांगितलं नाही म्हणून लिहितो. इतवारिया बाजारात आहे, राजवाड्यापासून चालत जाता येतं. सर सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं दिगंबर जैन मंदिर. भिंती, खांब, छत, जमीन, सगळं काचेने मढवलेलं. तुमच्या मैत्रिणीला दर्शन होईल आणि पुढे सराफा जवळच. फक्त दर्शनाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काच मंदिराचं मी तिला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्पच झाली. तिच्या आजीने ते पाहिलं होतं आणि लहानपणी तिला त्याबद्दल सांगायची, हे मला आज कळलं.

सुंठ-हळद तिला चालते, हिंगही चालतो. ठरलं ते असं: सकाळी पोहे, मग काच मंदिर, चारला छप्पनमध्ये कीस, आणि त्या वेळी आम्ही तिघीही तिच्याबरोबर तोच खाणार. रात्री सराफ्यात तासभरच जायचं. पर्सेस मुक्कामाच्या खोलीवर ठेवून जाणार आहोत. दहीवडा उडताना ती मोबाइलवर टिपणार म्हणाली, हात मोकळे हवेत.

आता एकच राहिलं. छप्पनमध्ये आलं न घातलेला कीस करणारं नेमकं दुकान कुणाला ठाऊक असेल तर खुणेसकट सांगा.