मदत हवी आहे: कोल्हापुरातल्या सरकारी रोजगार केंद्रात जाऊन खरंच काही होतं का? (आयटीआय झालेला भाऊ आणि थोडं माझंही)

बावड्याची_ताई

नमस्कार मंडळी, मी कसबा बावड्यात राहते. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. तो आयटीआय टर्नर, पास झाल्यापासून शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला काँट्रॅक्टरकडून कामाला होता, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) बसायचा, नाइट, ओटी सगळं करायचा. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी आहेत म्हणून काँट्रॅक्टरनं ब्रेक दिला, परत बोलावतो म्हणाला आणि आता फोनच उचलत नाही. तेव्हापासून मित्राच्या गाडीवर मागं बसून गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित असा गेटागेटावर फिरतोय, वॉचमन बायोडाटा घेऊन ड्रॉवरमध्ये टाकतो आणि पुढं त्याचं काय होतं देव जाणे.

आता त्यात एक प्लेसमेंटवाला गाठ पडलाय. चाकणला परमनंट लावतो, राहायची सोय कंपनीची, फक्त पंधरा हजार रजिस्ट्रेशन भरा म्हणतोय. कंपनी कुठली विचारलं तर "जॉइनिंगच्या दिवशी सांगतो". पावतीचा नमुना बघितला, खाली बारीक अक्षरात "नोंदणी फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही". आई म्हणते भरून टाकू, पोरगं घरात बसून चिडचिडं झालंय. मी अडवून धरलंय पण मग दुसरं काय करायचं ते मलाच सांगता येईना.

बाबा म्हणतात एम्प्लॉयमेंट एक्सचेंजला नाव घाल. त्यांच्या वेळी कार्ड असायचं, ते रिन्यू करायला रांगेत उभं राहायचे, आणि कॉल एकदाही आला नाही हेही तेच सांगतात :) नेटवर शोधलं तर आता त्याचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं झालंय आणि नोंदणी महास्वयं पोर्टलवर होते म्हणे. तिथं प्रत्यक्ष कोण गेलंय का? पैसे लागतात का? खाजगीतल्या जागा कळतात का फक्त सरकारी? आणि अप्रेंटिसशिप नावाचं जे काय असतं ते दोन वर्षं काम केल्यावर करण्यात अर्थ आहे का?

माझं म्हणजे, बी.कॉम. आणि टॅली झालंय, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, ती आता पहिलीला गेली. वय ३३. मला तिथं कोण उभं करेल का हाही एक प्रश्न आहेच.

तांबडा_पांढरा

ताई पहिलं काम म्हणजे त्या पंधरा हजारवाल्याचा नंबर ब्लॉक करा. जॉइनिंगच्या दिवशी कंपनी सांगतो म्हणणारा माणूस जॉइनिंगच्या दिवशी सापडत नसतोय. माझ्या मावसभावानं असंच भरलेलं, चाकणला नेलं, तिथं दुसऱ्या काँट्रॅक्टरच्या हातात दिलं, तेच काम तोच पगार आणि खोलीचं भाडं वेगळं. हितंच बरं होतं म्हणत वडापनं परत आलं बिचारं. सरकारी पोर्टलला नोंदणीला एक रुपया लागत नाही, महास्वयं पण फुकट आणि केंद्र सरकारचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टल पण फुकट. नेट कॅफेवाला फॉर्म भरून द्यायचे घेईल तेवढेच.

जुना_जाणकार

तुमच्या वडिलांना कॉल का आला नाही ते सांगतो, कारण त्यावरूनच आता काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. ही एक्सचेंज १९४५ साली निघाली ती महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांना कामाला लावायला. (आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.) पुढं सरकारी खाती जागा निघाली की एक्सचेंजकडून यादी मागवायची, नाव नोंदवल्याची ज्येष्ठता धरली जायची, म्हणून लोक कार्ड जिवापाड जपायचे. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसती यादी मागवून भागणार नाही, पेपरात जाहिरात द्या आणि अर्ज करणाऱ्या सगळ्यांचा विचार करा. तिथून कार्डाची जादू गेली. आता नुसतं नाव घालून घरी कॉलची वाट बघण्यात काही राम नाही.

खाजगी जागांचं म्हणाल तर १९५९ च्या कायद्यानं २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा एक्सचेंजला कळवणं बंधनकारक होतं. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात हा आकडा २० वर आलाय आणि या केंद्रांना करिअर सेंटर म्हटलंय. पण मेख अशी की जागा कळवायची सक्ती आहे, तिथूनच माणूस घ्यायची सक्ती तेव्हाही नव्हती आणि आत्ताही नाही. म्हणजे केंद्राकडून तुम्हाला माहिती मिळते, मुलाखतीपर्यंत पोचता येतं, निवड मालकच करणार. हे डोक्यात ठेवून गेलात तर उपयोग होतो, नाहीतर बाहेर येऊन शिव्या घालाल.

बावड्याची_ताई

जाणकार काका, हे बाबांना वाचून दाखवलं. "मग आम्ही रांगेत कशाला उभारलो" म्हणाले.

कास्टिंगवाला

मी एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या एचआरला आहे, आमचं मशीन शॉप पण आहे, त्यामुळं पलीकडच्या बाजूनं सांगतो. कौशल्य विकास केंद्राकडून रोजगार मेळावे होतात, पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा या नावानं, आम्ही तिथं टेबल लावतो. पोर्टलवर मेळाव्याची तारीख, कुठल्या कंपन्या, कुठल्या पदाला किती जागा हे आधी टाकलेलं असतं पण बघून येणारी पोरं कमीच. बाकीची हातात फाइल घेऊन प्रत्येक टेबलापुढं उभी राहतात आणि काय काम करणार विचारलं की "काहीही चालेल सर". आता काहीही ही पोस्ट आमच्याकडं नसते ना. परवाच्या मेळाव्यात एक पोरगं आलं, बायोडाटावर पहिल्या चार ओळी "माझे ध्येय" म्हणून, कुठूनतरी उतरवलेल्या, कामाचा पत्ता नाही. मी विचारलं मशीन कुठली, तर म्हणाला फॅनक कंट्रोल, टू ॲक्सिस टर्निंग, ऑफसेट स्वतः देतो, इन्सर्ट बदलतो, मायक्रोमीटर आणि बोअर गेज वाचता येतं. अरे बाबा मग हे लिही की वर! हे लिहिलेलं असतं तर मी त्याला लाइनीत उभाच केला नसता, थेट प्रॉडक्शनच्या सायबांसमोर बसवला असता. दुसऱ्या दिवशी कंपनीत बोलावून मशीनवर एक जॉब, म्हणजे पार्ट, काढायला लावला, पास झाला.

तर ताई तुमच्या भावाचं असंच करा. सीएनसीवर बसत होता म्हणजे नुसता लोड-अनलोड करत होता का सेटिंग (मशीन कामासाठी स्वतः लावणं, ते करणारा सेटर) पण करत होता, हे स्पष्ट पाहिजे. दोन्हीच्या पगारात फरक पडतो. नुसता ऑपरेटर असेल तर सेटिंग शिकायचा कोर्स कुठं आहे हे त्याच केंद्रात विचारता येतं, प्रमोद महाजन कौशल्य अभियानाखाली मोफत बॅच असतात, कुठल्या ट्रेडची कधी आहे ते त्या त्या वेळी बघायला लागतं. पण एक स्पष्ट सांगतो, कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा आम्ही मशीनवर उभा करून बघतो. ज्या सेंटरात मशीन नाही आणि स्क्रीनवर सीएनसी शिकवतात तिथं तीन महिने घालवू नका, ॲडमिशनच्या आधी वर्कशॉप दाखवा म्हणायचं.

कळंबेकर

अप्रेंटिसबद्दल, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून काम करायचं ते. त्यासाठी कळंबा रोडच्या आयटीआयला जा, अप्रेंटिसचं काम बघणारं बीटीआरआय म्हणून सेक्शन असतं, तिथं विचारा. कायदा १९६१ चा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. आयटीआयवाल्याला २०१९ च्या नियमांप्रमाणं महिन्याला किमान ७,००० स्टायपेंड धरलेला आहे, कंपनी जास्त देऊ शकते. नोंदणी अप्रेंटिसशिपच्या वेगळ्या पोर्टलवर, महास्वयंवर केली म्हणजे इथं झाली असं होत नाही, यात लई जण फसतात.

अर्थ आहे का म्हणाल तर दोन गोष्टी. पैशाकडं बघितलं तर दोन वर्षं ओटीसकट पगार घेतलेल्या पोराला सात हजार म्हणजे जीवावर येणार. पण शेवटी परीक्षा होऊन एनएसी (नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट) मिळतं, आणि एसटी, महावितरण, रेल्वे असल्या ठिकाणी त्याला किंमत आहे. रेल्वेच्या लेव्हल वनच्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप केलेल्यांना राखीव असतात. सरकारी मनात असेल तर करा. शिरोलीतच राहायचं असेल तर कास्टिंगवाले म्हणतात तसं सेटर होण्याकडं जोर लावा.

मुक्ता_इचलकरंजी

ताई तुमच्या स्वतःच्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही बघा, नेहमीचंच :)

मी पण गॅपनंतर परत उभी राहिले. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना म्हणून २०२४ ला निघालेली, वय १८ ते ३५, ऑफिसात किंवा कंपनीत काम शिकायचं आणि त्याचा भत्ता, पदवीधराला महिन्याला १०,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, बारावीला ६,०००. सुरुवातीला सहा महिने होतं, नंतर अकरा केलं. महास्वयंवर नोंदणी आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं, पैसे थेट खात्यात. ही नोकरी नाही हे आधीच सांगते, मुदत संपली की घरी, त्यावरून पोरांनी आंदोलनं पण केली. पण माझ्यासारखीला पतसंस्थेत बसायला मिळालं, टॅलीवरची धूळ झटकली, जीएसटीच्या एंट्र्या हाताखालून गेल्या आणि नंतर एका सीएंच्या ऑफिसला सांगायला काहीतरी होतं. तुम्ही ३३ च्या आहात म्हणजे हातात वेळ थोडा आहे, सध्या नवीन उमेदवार घेतात का ते केंद्रात जाऊन विचारा, फोनवर नीट सांगत नाहीत.

आणि समुपदेशन मागा. काउंटरवर गेलं की नोंदणी झाली का एवढंच विचारतात, झाली म्हटलं की पुढचा. मी "मला मार्गदर्शन पाहिजे, कोणाला भेटू" असं स्पष्ट विचारलं तेव्हा आतल्या मॅडमनी बसवून घेतलं, गॅप बायोडाटात लपवू नका, तारखांसकट लिहा आणि त्या काळात घरून कोणाचे हिशोब बघितले असतील तर तेही घाला म्हणाल्या. मी बचत गटाचे हिशोब तीन वर्षं लिहिले होते, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की हे अनुभवात येतं.

जुना_जाणकार

मुक्ताताईंच्या म्हणण्यात भर. नोकरी नको, स्वतःचं काही करायचं असेल तर बँक ऑफ इंडियाची स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, ग्रामीण भागातल्यांना मोफत निवासी प्रशिक्षण, शिवणकामापासून दुग्धव्यवसायापर्यंत. मराठा समाजातले असाल तर सारथी या सरकारी संस्थेचं उपकेंद्र राजाराम कॉलेजच्या आवारात आहे, आणि कर्जावरच्या व्याजाच्या परताव्यासाठी अण्णासाहेब पाटील महामंडळ. पण हे सगळं एकाच दिवशी डोक्यात घेऊ नका.

तांबडा_पांढरा

काका तुम्ही एकदा बोलायला लागला की एक्सचेंज परत चालू झाल्यासारखं वाटतंय :D

बावड्याची_ताई

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समोरासमोर पण सांगितलं नसतं. अपडेट देते. प्लेसमेंटवाल्याला नाही म्हणून कळवलं, तर तो लगेच आठ हजारावर आला, त्यावरून आईलाच शंका आली आणि विषय मिटला.

काल आम्ही दोघं केंद्रात जाऊन आलो. गर्दी नव्हती. भावाची महास्वयंची नोंदणी अर्धवट होती, आधारवर नाव एक आणि आयटीआयच्या मार्कशीटवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, ते आधी दुरुस्त करा म्हणाले, कागदपत्र तपासताना तिथंच अडकतं म्हणे. कोणाचं असं असेल तर मेळाव्याच्या आधीच करून घ्या. मेळावा पुढच्या महिन्यात आहे, यादीत गोकुळ शिरगावच्या दोन कंपन्यांनी सीएनसी सेटर मागितलेत. भाऊ सेटिंग करत होता पण काँट्रॅक्टरच्या कागदावर तो हेल्पर आहे!! मदतनीस म्हणून लावला आणि काम सेटरचं घेतलं. माझं नाव प्रशिक्षण योजनेसाठी बघतो म्हणालेत, लेखी काही नाही, परत जाणार आहे.

कास्टिंगवाले दादा, एक विचारायचं होतं. त्याच्याकडं अनुभवाचा दाखला नाही, काँट्रॅक्टर देणार पण नाही. गेटपास आणि काही महिन्यांच्या हजेरी कार्डांचे फोटो आहेत मोबाइलमध्ये. तेवढ्यावर भागेल का?

कास्टिंगवाला

गेटपास दाखवा, उपयोग होतो, आतल्या कंपनीचं नाव असतं त्यावर. पण त्याच्याहून भारी म्हणजे पीएफ कापत होता का बघा. यूएएन नंबरवरून (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) पासबुक डाउनलोड होतं, त्यात कुठल्या आस्थापनेनं कुठल्या महिन्याचे पैसे भरले ते येतं, दोन वर्षांचा पुरावा आपोआप तयार. त्याची प्रिंट आणा. हेल्पर लिहिलंय ते सोडून द्या, पीएफच्या पासबुकात हुद्दा नसतोच. आणि पीएफ कापून भरलाच नसेल तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे, पीएफ ऑफिसला तक्रार करता येते, त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथं.

बावड्याची_ताई

स्लिपवर पीएफ कापलेला दिसतोय. यूएएन ॲक्टिव्हेट केलेलाच नाही त्यानं. आज बसवते त्याला.