तपासणी सरसकट बंद करू नका

बोलीतले शब्द चुकीचे समजून वर्ड त्यांच्याखाली लाल रेघा मारतं. त्यांचा वैताग येतो म्हणून वर्डमधली शुद्धलेखन-तपासणी बंदच करा, असा सल्ला काही जण देतात. तो मला पटला नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कथांत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतात. तपासणी नको असते ती संवादांना. निवेदनातले ऱ्हस्व-दीर्घ तपासून हवेच असतात. त्यासाठी ‘बोली’ नावाची वेगळी कॅरॅक्टर स्टाइल (निवडलेल्या शब्दांपुरती लागणारी मांडणी) करा. मॉडिफाय, फॉरमॅट, लँग्वेज असं जाऊन ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’वर खूण करायची. मग ‘कामून रडायलास?’ किंवा ‘म्या नाही येत’ या वाक्यांना ही स्टाइल लावली की तेवढ्याच रेघा जातात, बाकीची तपासणी चालू राहते. पात्राची भाषा रेघेच्या धाकाने कुणी ‘शुद्ध’ करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मात्र त्याआधी मजकुराची भाषा बघा. काही संगणकांवर मराठीऐवजी हिंदी कीबोर्डच असतो. वर्ड कीबोर्डवरून भाषा ठरवतं, त्यामुळे साधं ‘आहे’सुद्धा हिंदीच्या कोशातून तपासलं जातं. आधी कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडा, मग रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेजमध्ये मराठी निवडा आणि त्यानंतरच ‘बोली’ लावा. लिबरऑफिसवाल्यांनी स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये ‘सीटीएल’च्या (देवनागरीसारख्या लिप्यांच्या) रकान्यात भाषा ‘नन’ करावी. वेस्टर्नच्या, म्हणजे रोमन लिपीच्या, रकान्यात बदल करून देवनागरीला काहीच फरक पडत नाही.