मदत हवी आहे: क्रॅशनंतर भावाला कंकशन (डोक्याला धक्का बसून मेंदूच्या कामात होणारा बिघाड) झालंय असं वाटतंय, आठ दिवसांनी रेस आहे आणि तो कोणाला सांगू देत नाहीये

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा मोठं होईल, पण प्लीज पूर्ण वाचा.

माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे, फॉर्म्युला कार चालवतो. मागच्या शनिवारी रेसमध्ये फास्ट कॉर्नरला मागच्या गाडीने ठोकलं, याची गाडी गरकन फिरली आणि मागच्या बाजूने टायर बॅरियरमध्ये घुसली. स्वतःच्या पायाने बाहेर आला, हात हलवून दाखवला, आम्हाला हायसं वाटलं. मेडिकल सेंटरमध्ये तपासलं, नंतर सीटी स्कॅन झाला तोही नॉर्मल. तेव्हापासून एकच पालुपद, ताई रिपोर्ट क्लीन आहे ना, मग विषय संपला.

पण विषय संपलेला नाहीये. रविवारी सकाळी त्याने मला विचारलं की गाडी ट्रकवर चढवली का, मी हो म्हटलं, आणि दहा मिनिटांनी अगदी तोच प्रश्न परत विचारला. डोकं दुखतंय, पण पेनकिलर खोलीत लपवून घेतो. पडदे ओढून बसतो, फोनचा ब्राइटनेस एकदम कमी. बुधवारी सिम्युलेटरवर बसला, मी मागेच उभी होते, तिसऱ्या लॅपला ब्रेकिंग पॉइंट चुकला, चौथ्यालाही चुकला आणि मग मळमळतंय म्हणून उठला. जो मुलगा डोळे मिटून त्या ट्रॅकचा प्रत्येक कॉर्नर सांगायचा तो! उठून मला म्हणाला, आईबाबांना आणि टीमला यातलं काही कळता कामा नये.

त्याची भीती मला कळते हो. रिझर्व्ह ड्रायव्हर तयारच आहे, एकदा सीट गेली की परत मिळेल याची खात्री नाही, आणि या सीटसाठी त्याने काय काय केलंय ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणूनच आजवर गप्प बसले.

टीम म्हणते रेसआधी मेमरी आणि रिअ‍ॅक्शनची टेस्ट घेऊ, सीझनच्या सुरुवातीला घेतलेल्या तशाच टेस्टच्या निकालाशी, म्हणजे बेसलाइनशी, ताडून बघू, पास झाला तर बसवू. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याला मित्राशी बोलताना मी ऐकलंय की बेसलाइनच्या वेळी त्याने मुद्दाम हळू उत्तरं दिली होती, म्हणजे पुढेमागे डोक्याला लागलं तरी टेस्ट पास होता येईल. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

तर विचारायचं असं की सीटी नॉर्मल असून कंकशन असू शकतं का? सिमवर बसणं म्हणजे आराम धरायचा का (तो म्हणतो यात कुठे जी-फोर्स, म्हणजे वेगात शरीरावर येणारा जोर, लागतो)? तो म्हणतो हेल्मेट आणि हान्स (डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण) दोन्ही होतं, मग मेंदूला लागेलच कसं, यावर काय उत्तर देऊ? आणि मुख्य म्हणजे मी त्याच्या परवानगीशिवाय टीमच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते चूक आहे का?

---

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओ आहे, डोक्याला मार लागलेले खेळाडू माझ्याकडे नेहमी येतात. आधी हे सांगा, उलट्या झाल्यात का, डोकेदुखी वाढत चाललीय का, बोलणं अडखळतंय, हातापायात कमजोरी, झटके, डोळ्याची एक बाहुली मोठी, उठवल्यावर नीट जाग न येणं, यातलं एक जरी असेल तर धागा वाचत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

नसेल तर पुढचं. सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. कंकशनमध्ये बिघाड पेशींच्या कामात असतो, तो सीटीत दिसत नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ रक्तस्राव नाही एवढाच घ्यायचा. हेल्मेटने कवटी वाचते, पण डोकं झटक्याने थांबलं किंवा फिरलं की आत मेंदू हलतोच, त्याला हेल्मेट काय करणार.

सिम बंद. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहा सांगायचे, आता तसं सांगत नाहीत. पहिले एकदोन दिवस आराम, स्क्रीन कमीत कमी, मग त्रास फारसा वाढत नसेल तर चालणं, हलका व्यायाम, असं पायरीपायरीने. सिमवर डोळे, तोल आणि लक्ष तिन्हीवर एकदम ताण येतो, मळमळलं ते त्यामुळेच. आणि तूर्त त्याला रस्त्यावरही गाडी चालवू देऊ नका.

बेसलाइनबद्दल. कॉम्प्युटरवरच्या टेस्टमध्ये मुद्दाम खराब खेळलेलं पकडायची सोय असते, पण सगळे सापडतात असं नाही. म्हणून चांगला डॉक्टर एका आकड्यावर सोडत नाही, नजर कशी फिरते, एका पायावर तोल राहतो का, सायकलवर दम लागल्यावर डोकं दुखतं का, हे सगळं बघतो. बेसलाइनचं तुम्ही जे ऐकलंय ते डॉक्टरांना कळायलाच हवं.

---

प्रतिसाद २

मी सात वर्षं रेस केलीय, आता सोडलं. भावाला फॉर्म्युला वनच्या अलोन्सोचं उदाहरण द्या. फेब्रुवारी २०१५, बार्सिलोनाला टेस्टिंगमध्ये क्रॅश, कंकशन. स्कॅन क्लीन होते. तरी डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या लवकर परत डोक्याला मार बसायची रिस्क नको, आणि ऑस्ट्रेलियाची पहिली रेस तो बसला नाही, मलेशियाला एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) तपासण्या पास करून परत आला. दोन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन होता तो, आणि त्याची सीट कुठे गेली नाही.

हान्सचं म्हणाल तर अमेरिकेतल्या अर्नहार्ट या रेसर बापलेकांचं बघा. वडील डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाच्या रेसमध्ये आपटून वारले, कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर. त्याच वर्षी नॅसकारने (ती रेस भरवणारी अमेरिकन संस्था) डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं केलं. मुलगा ज्युनिअर पुढे ते घालूनच रेस करायचा, त्यालाही कंकशन झालंच. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅन्ससला टायर टेस्टिंगमध्ये आपटला, त्रास होत होता तरी बोलला नाही, रेस करत राहिला, ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाच्या रेसला परत आपटला तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेला, आणि सीझनअखेरच्या किताबाच्या फेरीत (प्लेऑफ) असून दोन रेस सोडाव्या लागल्या. २०१६ ला तर निम्मा सीझन गेला, तोल आणि नजर ताळ्यावर आणायला महिने लागले. हान्स मानेसाठी आणि कवटीच्या तळासाठी आहे, आतल्या मेंदूला तो धरून ठेवू शकत नाही.

माझं सांगतो. मीही एकदा लपवलं होतं. दहाव्या दिवशी रेसला बसलो, पुढची गाडी दोन दोन दिसत होती, आणि पिट लेनमध्ये (रेसमध्ये गाडी दुरुस्तीला थांबते तिथे) माझा मेकॅनिक गाडी उचलायचा जॅक घेऊन उभा होता. त्याला काही झालं नाही, पण जॅकपासून हातभर अंतरावरून गेलो मी. लपवताना फक्त माझ्या सीटचा विचार केला होता, त्याचा नाही. तुमच्या भावाच्या आजूबाजूलाही वीसेक गाड्या असणार, ट्रॅकच्या कडेला मार्शल (सुरक्षेची माणसं) असणार. तेव्हा परवानगीचं विचारत बसू नका. फक्त त्याच्या पाठीमागे करू नका, आधी त्याला सांगा की मी सांगणार आहे, मग सांगा.

आणि ते हेल्मेट परत वापरू देऊ नका. आपटलेलं असेल तर बाहेरून चांगलं दिसलं तरी आतलं फोम दबलेलं असू शकतं.

---

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार. उलट्या नाहीत, बाकी त्या यादीतलंही काही नाही, रात्री उठवूनही बघितलं.

काल रात्री बोलले. आधी खूप भांडला, तू माझं करिअर संपवतेयस म्हणाला. मग मी ते मेकॅनिकचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. त्याचा मेकॅनिक त्याच्यासोबत कार्टिंगपासून आहे. शेवटी म्हणाला तू नको करूस, मीच फोन करतो, आणि माझ्यासमोर टीमच्या डॉक्टरांना फोन केला, बेसलाइनचंही स्वतःच सांगितलं. सांगताना रडला. डॉक्टर रागावले नाहीत. ही रेस नाही असं लगेच स्पष्ट सांगितलं, सोमवारी सविस्तर तपासणी आहे. पुढच्या रेसचं त्यानंतर बघू म्हणाले. सीटचं काय होणार ते टीमने अजून सांगितलेलं नाही.

आता एकच. रेसच्या दिवशी त्याला ट्रॅकवर जायचंय, नुसतं टीमबरोबर उभं राहायला. दिवसभर इंजिनांचा आवाज, ऊन, गर्दी. सोमवारी डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कोणी या अवस्थेत गेलं असेल तर कसं झेपलं ते सांगा, कानात प्लग आणि गॉगल एवढ्यावर भागतं का, की घरीच थांबवू?